जंतूंची वसाहत आणि आमची

चंदगडच्या स्टँडवर आबांनी माझी वळकटी एसटीच्या टपावर टाकली आणि एवढंच म्हणाले, "परमुलखात चाललास. काम कर, पण कुणाचं ऐकून घेऊ नको." गाडी तिलारीचा घाट उतरली तरी ते कानात होतं. त्याच जोरावर डिचोलीच्या कारखान्यात भट्टीपुढं उभा राहिलो, लेकाला कामाला लावला, औद्योगिक वसाहतीमागं दोन खोल्या बांधल्या. तेव्हा भाकरीशिवाय पोट भरायचं नाही. आता सकाळी पोदेराच्या सायकलीचा भोंपू ऐकला की पावासाठी मीच पुढं पळतो.

गावाकडची मंडळी, तुम्ही फोनवर विचारताय, पहिलटकरणीला माहेरी का धाडली नाही. शाळा माझी चौथीपर्यंत, पण उत्तर लिहूनच देतो.

धाडणारच होतो. नववा महिना लागल्यावर सुनेची, सारिकाची, दवाखान्यात तपासणी झाली. निकालाच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आधी गाव विचारलं, मग म्हणाल्या, "जंतूंची वसाहत सापडलीय."

माझं डोकंच फिरलं. "बाई, वसाहत आमची आहे, जंतूंची नव्हे! रोज फिनेल टाकतो. बाहेरून आलो म्हणून आम्ही घाणेरडे काय?" सुनेला म्हटलं, "ऊठ. गाडी सांगतो, माहेरी चल."

बाकावर इथलीच, धारगळची एक म्हातारी बसली होती. ती पदर तोंडाला लावून हसली. "आमच्या सुनेकय ताच गावला, भावा. आमी पिढ्यान्पिढ्या धारगळचे. आता आमी खंय पळाचा?"

डॉक्टरीणबाईंनी मग मला बसवून सांगितलं. गाव सगळ्यांनाच विचारतात. हे जंतू इथल्या बायकांतही असतात, घाटावरच्याही. घाणीचा संबंध नाही. अंगात गुपचूप राहतात, आईला बहुतेक कळतही नाही. पण बाळंत होताना बाळाला लागले, तर एखादं बाळ फार आजारी पडतं, जिवावरही बेततं. म्हणून कळा सुरू झाल्या की लगेच शिरेतून औषध द्यायचं.

मी तरी म्हटलं, "ते तिकडंही देतील."

तेव्हा सारिका बोलली. लग्न होऊन आल्यापासून माझ्यापुढं पहिल्यांदा. "मामा, राग तुमचा, पोर माझं. वाटेत कळा आल्या तर? मी इथनं हलणार नाही."

आबा म्हणाले होते ते परक्यांचं. घरच्या लेकीचं ऐकायला माझी ना नाही. गाडी सांगितली नाही.

पुढच्याच आठवड्यात कळा सुरू झाल्या. दवाखाना जवळ, औषध वेळेत गेलं. मुलगी झाली, ठणठणीत. आवाज माझ्यावर गेलाय, असं धारगळची म्हातारी म्हणते. तिला नातू झालाय.

गाव माझं तेच, जत्रेला येणारच. पण घर कुठं, ते सारिकानं ठरवलं आणि मला ते मान्य आहे. पाळणा इथंच बांधलाय. बारशाला तुम्ही घाट उतरून या.