ड्रममधला गांजा

मी एसटीत कंडक्टर आहे आणि मला सगळ्या विषयांतलं सगळं कळतं.

त्या उन्हाळ्यात मुखेडला आमच्या गल्लीत आठ दिवसांनी टँकर यायचा. पाणी नव्हतं, पण चर्चा भरपूर. जागा आमचा ओटा. मंडळी तीन : मी, शेजारचे गायकवाड सर (शाळेत विज्ञान शिकवायचे) आणि हदगावहून आलेले दाजी, म्हणजे माझ्या बहिणीचे मालक. नवा जिल्हा झाला तर आपण त्यात जाणार की नांदेडातच राहणार, यावर सकाळीच भांडून झालं होतं. मग सरांनी पेपरातली बातमी वाचली. गांजाच्या शेतीला परवानगी द्या, अशी कुणीतरी मागणी केली होती!

"बरं हाय की!" दाजी म्हणाले. "कापूस तर जळाला. ह्याला पाणी बी कमी लागत असंल."

"एक झाड सापडलं तरी जेल, दाजी!" मी मोबाइलवर फोटोच काढून दाखवला. "पान बघून ठेवा. हाताच्या बोटांसारखं, कडंला करवतीचे दाते."

"वस्तू दिसते ती उजेडामुळं," सर म्हणाले. (हे भौतिकशास्त्र.) "अन् बघणाऱ्याच्या मनामुळं. तसं सगळंच क्षणिक हाय." (हे तत्त्वज्ञान.)

मी विचारात पडून मान वळवली, तर काय! आमच्या मोरीच्या सांडपाण्यावर सात झाडं डुलत होती. अख्ख्या गल्लीत हिरवं म्हणून तेवढंच. पानं बोटांसारखी, कडेला दाते!

लावली कुणी? मायनं! सत्तरीची माझी माय, आणि जेल!

माय दळणाला गेली होती. मी कुणाला काही न बोलता उठलो, सातही झाडं मुळासकट उपटली, दारातल्या रिकाम्या ड्रममध्ये कोंबली, झाकण लावलं आणि वर बसलो. तेवढ्यात टँकर आला. (मागच्या खेपेला मारामारी झाली होती, म्हणून सोबत हवालदार!)

"उतरा खाली, पाइप टाकू द्या," हवालदार म्हणाले.

"आम्हाला पाणी नको."

नंबरावरून भांडणाऱ्या बाया भांडायच्या थांबल्या. दुष्काळात पाणी नको म्हणणारा माणूस कुणीच पाहिला नव्हता.

"सुभाष, येडा झालास का?" दाजी ओरडले. "चार दिसापासून आंघोळ न्हाई मला!"

"आंघोळ क्षणिक हाय, दाजी!"

हवालदारांनी ड्रमवर काठी वाजवली. "आत काय लपवलंस?"

माझा धीर सुटला. मी उतरलो आणि दोन्ही हात पुढं केले. "साहेब, बेड्या मला घाला! माय अडाणी हाय. सगळा गांजा माझाच!"

झाकण निघालं. हवालदारांनी आत डोकं घातलं, एक पान तोडलं, उजेडात धरलं आणि सरळ तोंडात टाकलं! सरकारी माणूस भर रस्त्यात पुरावा चावत होता!

"अंबाडी हाय," ते डोळे मिटून म्हणाले. "आमच्या देगलूरकडं पुंटीकूर म्हणतेत. लई दिसानं आंबट लागलं तोंडाला."

तेवढ्यात पिठाचा डबा घेऊन माय आली. "मुडद्या! दोन महिने तोंड धुतलेलं पाणी पाजून वाढवली म्या! बियाला ठेवली व्हती! एक पान कुणाला तोडू दिलं न्हाई!"

पण उपटलेली अंबाडी परत कशी लावणार? मायनं रागारागातच मोठं पातेलं चढवलं. कण्या घालून भाजीचं गरगट शिजवलं, वरून लसणाची चरचरीत फोडणी. दोन महिने चटणीवर काढलेली गल्ली आपापली भाकरी घेऊन आमच्या दारात बसली. हवालदारांनी तीनदा वाढून घेतलं. "सुभाषमुळं हिरवं खायला भेटलं!" असं जो तो म्हणत होता. गायकवाड सरांनी तर छोटंसं भाषणही केलं. ड्रम काठोकाठ भरला होता, आणि मी निवडून आलेल्या आमदारासारखं हात जोडून भाषण ऐकलं.

खरा फायदा पुढच्या आठवडी बाजाराला कळला. वीस वर्षं जी पिशवी माझ्या हातात असायची, ती मायनं दाजींना दिली.

"जावईबापू, तुम्हीच जा," ती म्हणाली. "ह्याला मेथी आणाया धाडलं तर पेंडी घेऊन थेट ठाण्यात जाऊन बसंल!"