पडद्यावर मरणारी धाकटी

शिंपीणबाईंची धाकटी गेली, अशी आवई तळमजल्यावर उठली आणि तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत तिला विष, प्रियकर आणि चिठ्ठी असं सगळं येऊन चिकटलं. चेहरे पाडून बायका वर गेल्या, तर दार उघडलं धाकटीनेच. तोंडात दात घासायचा ब्रश! मग उलगडा झाला. मेली होती ती टीव्हीवरच्या मालिकेत. पण मेली इतकी झकास, की बघणारीला शंकासुद्धा आली नाही.

खरं तर धाकटीला मरायचं नव्हतं, बोलायचं होतं. गॅरेजच्या माळ्यावरच्या अभिनयाच्या वर्गात ती दातांत बूच धरून तासन्‌तास उतारे म्हणायची. एका दमात पानभर. घरी आईची नजर विझत चालली होती. शिंपीणबाई आता बटणं चाचपून लावायच्या आणि टीव्ही नुसता ऐकायच्या.

"डोळ्यांचं काही खरं नाही बाई," त्या म्हणायच्या, "कान तेवढे शाबूत आहेत. मला ऐकू येईल असं एक काम आण, म्हणजे सुटले."

आणि मिळालं काय, तर मढ्याचं! पोलिसांच्या मालिकेत मरणारी बाई ऐनवेळी आलीच नाही, म्हणून गर्दीत उभी राहायला आलेल्या धाकटीला ओढून स्ट्रेचरवर आडवं केलं. वर्गात कमावलेला दम तिथे कामी आला. ना पापणी हलली, ना छाती. दिग्दर्शकाने खूश होऊन कॅमेरा पार तिच्या नाकाशी नेला. तेव्हापासून कुठेही खून पडला की फोन हिलाच. विहिरीत मेली, गाडीखाली मेली, एकदा सख्ख्या दिराच्या हातून मेली. शिंपीणबाई कानात प्राण आणून बसायच्या. ऐकू यायचं ते दुसऱ्यांचं रडणं.

"ह्यात तू कुठे आहेस गं?"

"मधोमध," धाकटी सांगायची आणि उठून जायची.

अखेर त्याच पोलिसांच्या मालिकेत नर्सच्या भूमिकेसाठी बोलावणं आलं. चांगली चार-सहा वाक्यं होती. धाकटीने ती अशी म्हटली, की दिग्दर्शक मान डोलवायला लागला. तेवढ्यात त्याच्या सहायकाने डोळे बारीक केले.

"सर, ही आपल्याकडे मेलीये. क्लोजअपमध्ये. लोक ओळखतील."

झालं! वाक्यं दुसरीच्या तोंडी गेली.

मेकअपवाले काका तिची पावडर पुसताना हळूच म्हणाले, "दर वेळी तोंड वर करून मेलीस, तिथे फसलीस पोरी. कॅमेऱ्यात दिसायची हौस नडली. एकदा मेलेला चेहरा त्या मालिकेला परत चालत नाही. अशाने सगळ्याच मालिका संपतील तुझ्या."

घरी शिंपीणबाई टीव्हीकडे कान लावून बसलेल्या. "बोललीस का गं? कधी लागणार?"

धाकटीने ताट वाढलं आणि आईचा हात धरून घासापर्यंत नेला. आता तेवढंही दिसत नव्हतं.

त्यानंतर टीव्हीवर आणखी एक खून पडला, तो साऱ्या जिन्याने पाहिला. दुसऱ्या दिवशी धाकटी आईची औषधं घेऊन वर चढत होती, तर समोरच्या काकू दारातच टपलेल्या.

"काय गं, या खेपेला तोंडसुद्धा दाखवलं नाही तुझं? नुसती पाठ! उतरती कळा लागली म्हणायची."

धाकटी म्हणाली, "मीच पालथी पडले, काकू. तोंड मला अजून लागणार आहे."