फक्कीच्या भिंती

बीडमध्ये कुणी घर बांधायला काढलं आणि दीपमाला मॅडमचं नाव घेतलं, की जाणते लोक बजावतात, एक अख्खा दिवस मोकळा ठेव आणि डोक्याला टोपी घे. कारण ही बाई नकाशा कागदावर दाखवून सोडत नाही. ती प्लॉटवर येते, फक्कीच्या, म्हणजे चुन्याच्या भुकटीच्या, पांढऱ्या रेघांनी सगळं घर खऱ्या मापानं जमिनीवर आखते आणि घरच्यांना सांगते, आता राहा यात. सकाळच्या चहापासून संध्याकाळच्या जेवणापर्यंत. नियम एकच, भिंतीतून चालायचं नाही.

हे खूळ तिच्या डोक्यात शिरलं ते आईमुळे. वडील माणिकराव नेकनूरचे गवंडी, आई सरूबाई त्यांच्याच हाताखाली घमेली उचलायची. दोघांनी जन्मभर दुसऱ्यांची घरं बांधली आणि लेकीला आर्किटेक्ट केलं. लेकीनं पाच वर्षं पुण्याच्या ऑफिसात काढली, परत आली आणि पहिलं घर आईवडिलांचंच बांधलं. त्यात पुण्याला असतं तसं उघडं स्वयंपाकघर. सरूबाईनं दोन दिवस तसेच काढले. तिसऱ्या दिवशी तिनं ओट्यापुढे जुनं लुगडं टांगलं, कारण भाकरी थापताना जाणारायेणारा प्रत्येक जण दारातूनच कालवण काय म्हणून विचारत होता. दीपमालाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुण्यातल्या अनोळखी लोकांना तिनं चमचे किती आहेत इथपर्यंत विचारलं होतं, आणि स्वतःच्या आईला काहीच विचारलं नव्हतं.

"फक्की टाकून बघायची होतीस आधी," माणिकराव म्हणाले. "आमी पाया खांदायच्या आधी तेच करतो."

तेव्हापासून हा रिवाज पडला. लोक आधी हसतात, मग इतके रमतात की आवरत नाहीत. केजच्या एका हेडमास्तरांच्या न्हाणीघराला दार आखायचं राहून गेलं, तर ते टॉवेल खांद्यावर टाकून उघड्या रानात अर्धा तास आत अडकून उभे. शेवटी दीपमालानं पायानं रेघ पुसून दार पाडलं, तेव्हा बाहेर आले.

पण यूसुफ वडगावच्या मोहनरावांच्या घरानं मात्र तिची झोप उडवली. तिला आजवर मिळालेलं हे सगळ्यात मोठं काम. मोहनराव गावातलं वजनदार माणूस, शब्द टाकतील तिथे आणखी चार घरं मिळणार. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की दोन भाऊ, दोन जावा, म्हातारी माय आणि एक चूल हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे, तेव्हा घरही तसंच दिसलं पाहिजे. आमच्यात मतभेद नावाला नाहीत, हे त्यांनी पहिल्या भेटीत तीनदा सांगितलं.

ठरल्या दिवशी सकाळी सगळे फक्कीच्या घरात राहायला आले. मोहनरावांनी बैठकीत खुर्ची टाकून पेपर उघडला. त्यांची बायको सत्यभामा स्वयंपाकघरात शिरली. माय वच्छलाबाई मधल्या खोलीत खाटेवर आडव्या झाल्या. धाकट्या भावाची, तानाजीची, बायको वनमाला बादली घेऊन न्हाणीकडे निघाली आणि बैठकीच्या दारातच थबकली. न्हाणीचा रस्ता बैठकीतून होता, आणि बैठकीत मोहनरावांना भेटायला चार माणसं आली होती.

तानाजी म्हणाला, रेघ ओलांडून जा की. त्यावर सत्यभामा स्वयंपाकघरातून म्हणाली, भिंत हाय ती. वनमाला पाऊण तास बादली धरून उभी राहिली. मग तीही स्वयंपाकघराच्या दारात पाय पसरून बसली, आणि सत्यभामाला तिच्याच स्वयंपाकघरात कोंडून टाकलं. दुपारपर्यंत दोघी जावांचं बोलणं बंद, चहा बंद, आणि बारा वर्षांतलं कुणी कुणाला काय म्हणालं ते सगळं तारीखवार बाहेर आलं. दीपमालानं न्हाणी दुसरीकडे हलवून देते म्हणून पाहिलं, पण आता न्हाणीचं कुणाला पडलं नव्हतं.

शेवटी तानाजीनं वाटणी मागितली.

"घर उभं राह्यलं न्हाई आन् वाटणी कशाला मागतो रं?" मोहनराव म्हणाले.

तानाजीनं फक्कीचं पोतं उचललं आणि बैठकीपासून मागच्या अंगणापर्यंत मधोमध रेघ ओढत सुटला. रागात पुढे न बघताच तो ओढत गेला, त्यामुळे रेघ नागमोडी झाली आणि मधल्या खोलीत मायच्या खाटेखालून गेली. मग माय कुणाची यावर जुंपली. मोहनरावांनी खाट आपल्याकडे ओढली, तानाजीनं आपल्याकडे. म्हातारी खाटेसकट चारदा इकडून तिकडे गेली. बघायला अर्धं गाव कुंपणापाशी जमलं, आणि गंमत म्हणजे एकही माणूस भिंत ओलांडून आत आला नाही.

उद्या नेकनूरपासून केजपर्यंत एकच बोभाटा होणार, ही बाई घर बांधत नाही, घर फोडते. मग कोण बोलावणार तिला? फक्की पुसून टाकावी, काम सोडून द्यावं आणि कायमचं कागदावर यावं, असं दीपमालाच्या मनात आलं.

पाचव्यांदा खाट ओढायला दोघं वाकले, तेव्हा वच्छलाबाई उठून बसल्या. त्यांनी दीपमालाला जवळ बोलावलं.

"लेकी, ही रेघ वाकडी हाय. सरळ वढ," त्या म्हणाल्या. "बारा वर्सं झाली, या दोघी एकमेकींवर रुसून कालवणात दोनदा मीठ घालत्यात आन् लोकांपुढं हसत्यात. मीठ मी खाते. भिंत घाल एकदाची."

मोहनराव लोक काय म्हणतील म्हणाले. वच्छलाबाईंनी कुंपणापाशी जमलेल्या लोकांकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, इचार की मग त्यान्ला. लोकांनी खाली बघितलं. सत्यभामा आणि वनमाला यांनी मात्र एकमेकींकडे बघितलं, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा दोघींना खरं हसू फुटलं.

"आन् माझी खोली?" वच्छलाबाई म्हणाल्या. "ती राहू दे दोघांच्या मधी. दोन्हीकडं दार. कड्या मात्र माझ्याच बाजूनं."

दीपमालानं गुडघ्यावर बसून स्वतःच्या हातानं ती खोली पुन्हा आखली. कडीची जागाही म्हातारीला हात उंचवायला लावून ठरवली.

ती दोन घरं आता उभी आहेत. दीपमाला मॅडम घर फोडतात हे खरंच तालुकाभर झालं, आणि त्यामुळे तिच्याकडे रांग लागली. रोज संध्याकाळी मोहनराव आणि तानाजी आपापल्या दाराशी ताट घेऊन उभे राहतात आणि माय, माय करतात. वच्छलाबाई घाई करत नाहीत. दोन्ही दारांच्या फटींना नाक लावतात, आणि ज्या कालवणाचा वास बरा येतो, तिकडची कडी काढतात.