राजवाडा मधोमध

१९५३ सालचा फाल्गुन, रविवारची सकाळ. चित्राचे साडेसात रुपये मी मोजून दिले तेव्हा तिघे हजर होतो: मी, माझा थोरला भाऊ म्हणजे दादा आणि सियागंज बाजाराच्या टोकाला बसणारा रद्दीवाला. रद्दीवाल्याने दहा सांगितले होते. "भिया, दरबार के जमाने का माल है, ऐसी छपाई अब कहाँ," असं म्हणत तो साडेसातावर आला.

मूळ चित्र कुणा दरबारी चित्रकाराने जलरंगात काढलेलं. त्यावरून जाड कागदावर छापलेल्या रंगीत प्रती संस्थानच्या कचेरीत पडून होत्या, त्या विलीनीकरणानंतर रद्दीत निघाल्या. एकाच रस्त्याची, वेगवेगळ्या काळातली तीन चित्रं होती. पहिल्यात दोन्ही बाजूंना लाकडी सज्जे, दुसऱ्यात त्या जागी विटांच्या कमानी, तिसऱ्यात विजेचे खांब. आम्हाला पहिलंच हवं होतं. त्यात उजवीकडे राजवाडा आणि अगदी डाव्या कडेला, बोटभर रुंदीत, आमचं घर होतं. घरापुढे दोन पायऱ्यांचा ओटा होता. आणि चित्राखाली साल छापलेलं होतं.

रस्ता रुंद करायचा म्हणून आमच्या ओट्याला नोटीस लागली होती. ओटा अलीकडचा, रस्त्यावर अतिक्रमण करून बांधलेला, असं नोटिशीत होतं. तो जुना आहे असं सिद्ध झालं तर बाजारात बदली जागा मिळणार होती. कागद आमच्याकडे नव्हता. शेजाऱ्यांचेही ओटे जाणार होते, म्हणून त्यांची साक्ष धरत नव्हते.

त्या ओट्यावर दादा बसत असे. तो संस्थानच्या बँडमध्ये होता. बँड मोडल्यावर तो स्टोव्ह आणि पेट्रोमॅक्स दुरुस्त करू लागला. वहिनी पूर्वीच गेलेली, मूल नाही, त्यामुळे तो आमच्यातच जेवत होता आणि दर महिन्याला पंधरा रुपये माझ्या बायकोच्या हातात ठेवत होता. नको म्हटलं तर ताटावर बसत नसे. ओटा गेला की ते पंधरा जाणार, हे आम्हा तिघांना ठाऊक होतं.

घरी चित्र चटईवर पसरलं. दादाने चष्मा पुसून पाहिलं. "आपलाच ओटा! पायरीचा कोपरा बघ, तेव्हाही फुटकाच."

"भाऊजी, स्टोव्ह तेवढे दिसत नाहीत," बायको म्हणाली.

"दुरुस्त होऊन गेले असतील," दादा म्हणाला. खूप दिवसांनी तो हसला होता.

शुक्रवारी सुनावणी होती. चित्र दोन फळ्यांमध्ये ठेव, असं दादाला सांगून मी रोजच्यासारखा कचेरीत जात राहिलो. गुरुवारी संध्याकाळी आलो तर चित्र भिंतीला टेकवलेलं, काचेत, सोनेरी चौकटीत. चौकट मी ओळखली. त्यात महाराजांची तसबीर होती. तसबीर काढून दादाने ट्रंकेत ठेवली होती.

"साहेबापुढे उघडा कागद न्यायचा का?" तो म्हणाला. "कसं दिसतंय?"

सुंदर दिसत होतं. राजवाडा बरोबर मधोमध आला होता. मूळ चित्रात तो उजवीकडे होता. डावीकडे शेजाऱ्याची भिंत अर्ध्यातून सुरू होत होती.

"दादा, आपलं घर?"

तो वाकला. बोट काचेवर डावीकडे सरकत गेलं आणि चौकटीच्या लाकडावर थांबलं. मग हळूच म्हणाला, "चौकट लहान पडत होती. राजवाडा मधोमध आला पाहिजे, एवढंच मी फ्रेमवाल्याला सांगितलं. राजवाडा एका अंगाला कसा ठेवायचा?"

तसेच फ्रेमवाल्याकडे गेलो. तो दुकान आवरत होता. "कतरन? वो तो झाड़ू में गई, बाबूजी." तरी त्याने टेबलाखाली हात घातला आणि एक पट्टी काढली. उजवीकडची निघाली, कडुनिंबाची फांदी आणि थोडं आभाळ. दादाने ती घडी करून खिशात ठेवली. फ्रेमवाला म्हणाला, "काम में कुछ कमी रह गई क्या?" दादा म्हणाला, "नहीं भिया, काम बढ़िया है."

शुक्रवारी सकाळी सुनावणीआधी मी रद्दीवाल्याकडे दुसरी प्रत विचारायला गेलो, पण गठ्ठा केव्हाच गेला होता. सुनावणीला चित्र तसंच नेलं. साहेब भला माणूस. चित्र बराच वेळ पाहत राहिला.

"बहुत खूब. यात तुमचं घर कुठलं?"

मी चौकटीवर बोट ठेवलं. "याच्या बाहेर गेलं. कापलं गेलं."

कारकून हसला. साहेब हसला नाही. त्याने दादाकडे पाहिलं. "आपण सांगा, मी काय लिहू?"

"साहेब, ओटा होता," दादा म्हणाला. "दोन पायऱ्या होत्या."

"असेल. पण मला दिसत नाही." आणि त्याने तसंच लिहिलं.

अपिलाचा अर्ज मी केला. तेव्हा राजधानी सहा महिने इथे आणि सहा महिने ग्वाल्हेरला असे. कचेऱ्या तिकडे गेल्या, अर्जही गेला. उत्तर आलं नाही. चैत्रात ओटा पाडला. पाडायचा खर्च मालकाचा, असं नोटिशीतच होतं. मी पाकीट काढलं तर दादाने माझा हात धरला. "जागा माझी होती," म्हणाला.

पाडकाम करणाऱ्या दोन बेलदारांना मिळून सव्वापाच रुपये त्याने दिले. त्या महिन्याच्या पंधरातले उरलेले पावणेदहा संध्याकाळी माझ्या बायकोच्या हातात ठेवले. तिने मोजले नाहीत. ते शेवटचे.