टाचेमागच्या गाठी

माझा थोरला भाऊ दुष्काळाच्या वर्षी चारा छावणीतच वारला. सिरसाळ्याच्या अलीकडे माळावर दूध सोसायटीने छावणी उघडली होती. सोसायटीचा सचिव म्हणून तोच तिथलं बघायचा. सकाळी जनावरांसाठी उसाच्या वाढ्यांचा, हिरव्या शेंड्यांचा ट्रक आला. मोळ्या उतरवून घेता घेता त्याने छातीवर हात ठेवला, ‘जरा बसतो’ म्हणाला आणि बसल्या जागी कलंडला. वय अडतीस. अंगाने काटकुळा, तंबाखूचं नाव नाही, मटणाचा वाससुद्धा त्याला चालत नसे.

लोक म्हणाले, टेन्शनने गेला. टँकरवरची भांडणं, चाऱ्याची ओढाताण, दुसरं काय? आम्हालाही पटलं. वडील बेचाळिसाव्या वर्षी साखर कारखान्यावर उसाच्या गाडीशेजारीच गेले, तेव्हा लोकांनी ‘कष्टानं गेला’ म्हटलं होतं. तेही आम्हाला पटलं होतं.

मी अंगणवाडी सेविका. तेहेतीस वर्षांची होते. भाऊ गेल्यावर दोनेक महिन्यांनी टाच दुखते म्हणून सिरसाळ्याच्या डॉक्टरांकडे गेले. बाजाराच्या रस्त्यावर त्यांचा जुना दवाखाना. ताप, जुलाब, विंचू, सगळं तेच बघत. त्यांनी माझ्या टाचेमागची शीर चिमटीत धरली. ती जाड होती, तिच्यात कठीण गाठी होत्या.

“हे कधीपासून?”

“लई वर्षं झाली. आमच्या घरात समद्यांच्याच टाचा अशा हायत, डॉक्टरसाहेब. बापाकडून रान कमी आन् टाचा जास्त मिळाल्या.”

मी हसले. ते हसले नाहीत. हातातला पेन ठेवून त्यांनी बॅटरी घेतली, माझे डोळे पाहिले. बुबुळाभोवती पांढरट कडं होतं म्हणे. मला ते कधी दिसलंच नव्हतं. मग घरात कोण कोण गेलं, कितव्या वर्षी गेलं, सगळं विचारलं. भावाच्या मातीला ते स्वतः आले होते. तरी पुन्हा विचारलं.

“ताई, दुष्काळ सगळ्या तालुक्याला हाय. टेन्शनबी सगळ्यांना हाय. मग अडतिसाव्या वर्षी माणूस तुमच्याच घरातला का गेला?”

त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. रक्तातली चरबी, कोलेस्टेरॉल, उचलून बाजूला करण्याचं काम लिव्हरचं. काही घराण्यांत ते काम जन्मापासूनच अपुरं पडतं. माणूस बारीक असो, शाकाहारी असो, चरबी साठतच जाते. शिरांत, टाचांत, हृदयाच्या नळ्यांत. आई किंवा बाप, एकाला असेल तर प्रत्येक लेकराला असण्याची शक्यता निम्मी.

“बायांना बी?”

“बायांना बी.”

तोवर मी समजत होते की आमच्या घरात फक्त पुरुष मरतात.

रक्त परळीच्या लॅबला गेलं. दोन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. लेकरांची वजनं घेताना माझ्याच छातीतले ठोके कानात वाजायचे. टँकरवरून हंडा उचलला की थांबायची. आत काही दुखतंय का, ते चाचपायची. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. तिला न्हाऊ घालताना माझा हात तिच्या टाचेकडे जायचा आणि मी तो मागे घ्यायची.

रिपोर्ट आला. डॉक्टरांनी आकड्याखाली पेनाने दोनदा रेघ ओढली. छातीची ईसीजी पट्टी काढली, ती ठीक निघाली. रोज एक गोळी, जन्मभर.

“आता मुलीचं रक्त तपासू. आन् धाकट्या भावाला घेऊन या.”

धाकटा भाऊ ऐकेना. तो आणि त्याची बायको दरवर्षी ऊसतोडीला जात.

“अक्का, तपासलं की निघतंयच. न्हाई तपासलं तर न्हाई.”

मी त्याला रागावले. पण खरं सांगायचं, मुलीच्या बाबतीत मीही तेच करत होते. आज शाळा आहे, उद्या ती खोकते आहे, असं म्हणत दिवाळीपर्यंत ढकललं. दिवाळीनंतर भाऊ टोळीबरोबर सांगलीकडे गेला आणि डॉक्टरांनी स्वतः अंगणवाडीत निरोप पाठवला. मग मात्र तिला घेऊन गेले. सुई टोचताना ती रडली नाही. मीच भिंतीकडे तोंड केलं.

तिला निघालं.

डॉक्टरांनी लातूरच्या मुलांच्या तज्ज्ञांना चिठ्ठी दिली. “रडू नका. थोरल्याचं आपल्याला कळायच्या आधी झालं. हिचं वेळेवर कळलंय,” म्हणाले. मला त्यातलं थोरल्याचं तेवढंच ऐकू आलं. शेजारणीला कळलं तर? उद्या हिला कोण करून घेईल? आणि गोळीने पोरीचं काही वाईट झालं तर? लातूरला तज्ज्ञांना हे सगळं विचारलं. त्यांनी न कंटाळता सगळ्याची उत्तरं दिली, गोळी सुरू केली. भीती गेली नाही, पण गोळी सुरू झाली.

त्याच आठवड्यात मी एसटीने भावाकडे गेले. उसाच्या फडात पोचले तेव्हा तो डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढत होता. अर्ध्यावर थांबला. एक हात जबड्याला लावला. मग चढला. मी फळीशी जाऊन उभी राहिले.

तो खाली उतरल्यावर मी विचारलं, “काय होतंय तुला?”

“कायबी न्हाई. चढताना जबडा दुखतोय, थांबलं की जातंय. दाढ असंल.”

“ती दाढ न्हाई. चल माझ्यासंगं.”

“ट्रक भरायचा हाय, अक्का.”

तेव्हा मी त्याला मुलीचं सांगितलं. ती त्याची फार लाडकी.

“पोरीला निघालं? एवढ्याशा?”

“हो. रोज गोळी खाती. रडत बी न्हाई.”

तो बांधावर बसला. किती तरी वेळ डोक्यावरचं फडकं काढून त्याची घडी करत राहिला. मग बायकोला म्हणाला, “कोयता तू घे. मी जाऊन येतो.”

सांगलीच्या दवाखान्यात त्याच्या हृदयाच्या दोन नळ्या जवळजवळ बंद सापडल्या. तिथले डॉक्टर म्हणाले, आणखी थोडे दिवस मोळ्या वाहिल्या असत्या तर सांगता आलं नसतं. नळ्या उघड्या ठेवायला आत स्प्रिंगा बसवल्या. ते होईपर्यंत मी आणि भावजय बाहेर बाकावर होतो. त्याला स्ट्रेचरवरून बाहेर आणलं तेव्हा त्याने आधी भूक लागल्याचं सांगितलं, आणि आम्ही दोघी तिथेच रडलो.

तो परत ऊसतोडीला गेला नाही. गावात पिठाची गिरणी चालवतो. थोरल्याच्या दोन्ही लेकरांची तपासणी त्यानेच करून घेतली. एकाला आहे, एकाला नाही. माझी मुलगी आता अंबाजोगाईला शिकते.

धर्मापुरीला आमचा चुलतभाऊ राहतो, चाळिशीच्या उंबरठ्यावर. मागच्या महिन्यात आम्ही दोघं बहीणभाऊ त्याच्याकडे गेलो. त्याने चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “पेरण्या होऊ द्या, मग बघू.” परत निघताना धाकटा रस्त्यातच थांबला.

“अक्का, ह्यो आत्ता, मी तवा जसं बोललोतो, तसंच बोलाला. मला लई भ्या वाटतंय बघ.”

येत्या सोमवारी आम्ही परत त्याच्याकडे जाणार आहोत.