शेवटच्या कोपऱ्यातलं पाणी

कराडची प्रियदर्शनी इंजिनिअर झाली आणि आग विझवणाऱ्या पाइपांचे आराखडे काढू लागली, तेव्हा तिच्या आत्याने, अंबूबाईंनी, एकच प्रश्न विचारला.

"एवढं शिकून शेवटी नळजोडणीच व्हय गं?"

"व्हय आत्ती. फक्त माझ्या नळाला कवाच पाणी येऊ नये, असं गिऱ्हाईकालाच वाटतं."

तिचं गणित पंपापासून सुरू होत नसे. पंपापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात आग लागली तर किती पाणी, किती दाबाने लागेल, हे ती आधी ठरवी आणि मग उलट मागे येत पाइपांचा व्यास काढी. जवळच्यांचं कसंही भागतं, असं तिचं मत होतं; ते पाण्यापुरतंच होतं असं नाही.

सांगलीत बाळासोंनी हळदीचं गोदाम बांधलं. आराखडा प्रियदर्शनीचा. चाचणीच्या दिवशी तिने वर पाहिलं, तर मागच्या अर्ध्या गोदामातले पाइप आराखड्यापेक्षा बारीक.

"मॅडम, मोटार दुप्पट ताकदीची बसवलीया," बाळासो ऐटीत म्हणाले. "पायपा बारीक असल्या तर काय बिघडतंय? मोटार ढकलतीया की! करा चाचणीच्या कागदावर सही. आजून दोन गोदामं काढायची हाईत, ती बी तुमालाच."

सही नाही केली तर दोन गोदामं गेली. केली, तर हा कोपरा जन्मभर तिच्या नावावर. तिने पेन काढलंच नाही.

"आधी पाणी बघू, काका."

एरवी आगीच्या धगीने काच फुटून उघडणाऱ्या तोट्यांच्या काचा चाचणीपुरत्या काढल्या होत्या. पुढच्या तोट्या सोडल्या. पाणी धो धो कोसळलं. बाळासोंनी आजूबाजूला पाहून घेतलं. मग त्या बंद करून मागच्या कोपऱ्यातल्या सोडल्या. मोटार जीव तोडून ओरडत होती आणि वरून पिंडीवर अभिषेक करावा तशी धार गळत होती.

"सगळा दाब बारीक पाइपात घासून संपतोय," प्रियदर्शनी म्हणाली. "जितकं जोरात ढकलाल, तितकं जास्त घासणार."

बाळासोंचा ऊस उपसा सिंचन योजनेच्या अगदी शेवटच्या टोकाला होता. 

"आमच्या स्कीमची तऱ्हा झाली की ही! वरचे भिजत्यात आन् आमी बोंबलतोय."

"हितं वरचे तुमी, काका. शेवटाला हळद हाय."

"गुंडा!" बाळासो गुंडा नावाच्या फिटरवर कडाडले. "उतरव रं त्या पायपा!"

"आवं मालक, तुमीच तर म्हनला..."

"मी म्हनलं म्हून कायबी करतोस व्हय?"

पाइप बदलले. दुसऱ्या चाचणीला बाळासो स्वतः त्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले, टोपीसकट भिजले आणि हलले नाहीत. पुढची दोन गोदामंही तिलाच, हे त्यांनी त्या धारांखालूनच ओरडून सांगितलं. प्रियदर्शनीने सही केली. कागद मात्र त्यांचे हात वाळेपर्यंत स्वतःकडेच ठेवला.