सिलिगुडीची खोली

सोलापूरच्या चादरी विकणारा गुरप्पा दर हिवाळ्यात उत्तर बंगालमध्ये सिलिगुडीच्या धर्मशाळेत खोली घेई. तिथून नेपाळची हद्द तासाभरावर आणि भूतान अर्ध्या दिवसावर. माल खपला तरी नवा मुलूख बघायला तो दोन दिवस जास्तच राही. पूर्व पाकिस्तान मात्र जवळ असूनही त्याला बंद होता.

एकाहत्तरच्या हिवाळ्यात तिकडचेच लोक जीव घेऊन अलीकडं आले होते. गावाबाहेर त्यांच्या छावण्या होत्या. थंडीत उघडी पोरं बघून गुरप्पानं सगळं गाठोडं तिथंच वाटून टाकलं. एका बाईनं मांडीवरच्या लेकराला चादरीत गुंडाळलं आणि त्याचं तोंडही झाकलं.

"तोंड तरी उघडं ठेव की, बाई," तो मराठीतच म्हणाला.

तिनं चादरीचं टोक लेकराच्या तोंडावर आणखीच ओढून घेतलं. मग त्याला कळलं. तिच्यासोबत कुणी नव्हतं. खड्डा गुरप्पानंच खणला.

घरी आल्यावर बायकोनं, महादेवीनं, विचारलं, "सगळा माल खपला व्हय?"

"व्हय," एवढंच तो म्हणाला.

खरं काय घडलं ते त्यानं तिला तीन वर्षांनी सांगितलं. तोवर तो जिल्ह्यातल्याच जेऊर-वैरागच्या बाजारापलीकडं गेलाच नव्हता.